आमच्या माळावरचा परका दगड

स्वेटर विकणाऱ्या बाईला आमचा माळ कशाला बघायचाय, हे मला काही केल्या कळंना. आणि जे कळत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, बीड-केज, बीड-गेवराई, तलवाड्याची मुक्कामी गाडी. गाडीत चढून जो माणूस खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागतो त्याच्याकडं तिकीट नसतं. जो आपण होऊन 'काय कंडक्टरसाहेब, बरं हाय ना?' म्हणतो त्याच्याकडं तर नसतंच. बायको म्हणते, "तुमी रिटायर झालाव, पण तुमचा संशय आजून ड्युटीवर हाय." म्हणू द्या. तिनं गाडीत रोज फसवणारी माणसं बघितली नाहीत.

आमचं गाव मांजरसुंब्यापासून आत, घाट चढून आल्यावर जे पठार लागतं त्याच्यावर. गावाच्याही वर माळ. काळा खडक, कुसळीचं गवत, चार-दोन बोरी-बाभळी, आणि वारा. त्या माळाचा एक तुकडा आमचा. आजोबांपासून गायरान कसत आलो. वडिलांच्या चपला कचेरीच्या पायऱ्यांवर झिजल्या, तेव्हा कुठं तो आमच्या नावावर झाला. तिथं पिकतं काय? तर थोडी बाजरी आणि मटकी. पण आमचं म्हणावं असं पायाखालचं तेवढंच आहे, म्हणून त्याच्याकडं कुणी नुसतं टक लावून बघितलं तरी मला सहन होत नाही.

आणि बघायला लई लोक येतात. कारण आमच्या तुकड्यातच, वरच्या अंगाला, जुन्या माणसांची वस्ती आहे. वस्ती म्हणजे दगडांची रिंगणं. गुडघ्याएवढ्या उंचीचे दगड गोल मांडलेले, एकाला लागून दुसरं रिंगण, मधे राखट पांढरी माती आणि खापरांचे तुकडे. गावात कुणी म्हणतं गवळ्यांची वस्ती, कुणी म्हणतं राक्षसांची. शाळेतले सर म्हणतात, लिहिण्यावाचण्याच्या आधीची माणसं होती, गुरं राखायची. माझे वडील एवढंच म्हणायचे, "कुणाची का असंनात. त्यांच्या घरातलं काय बी आपल्या घरी आणायचं न्हाई." खापराचा तुकडासुद्धा नाही. चुलीला तिथला दगड नेला आणि घर बसलं, अशा गोष्टी गावात पुष्कळ सांगतात. मी मानत नाही. पण मीही कधी काही आणलं नाही.

तर माळावर येणारे लोक दोन जातीचे. एक पवनचक्कीवाले. "काका, किती शांत वाटतं हो इथं!" असं म्हणत डोळ्यानं जमीन मोजणारे. दुसरे गुप्तधनवाले. ते लिंबू आणि कुदळ घेऊन येतात, आणि सकाळी रिंगणात खड्डा सापडतो. दोघंही पहिलं वाक्य एकच बोलतात, 'सहज बघायला आलतो.' त्यामुळं बायको बीडहून आली आणि म्हणाली, "त्या स्वेटरवालीला आपला माळ सहज बघायचाय," तेव्हा माझ्या हातातली भाकर हातातच राहिली.

बीडला थंडीत ही माणसं येतात, मंडप टाकून स्वेटर-शाली विकतात. आम्ही त्यांना नेपाळीच म्हणायचो. बायको गेलती सुनेच्या होणाऱ्या लेकरासाठी टोपरं आणायला. तिथं दुकानाच्या कोपऱ्यात बुद्धाचा फोटो आणि पुढं दिवा दिसला. झालं! आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पोत्यात घालून नदीत सोडले होते. बायकोनं फोटोला हात जोडले, त्या बाईनं बायकोला स्टूल दिलं, आणि दोघी बोलत बसल्या. ही तिबेटी, नेपाळी नाही. जन्म इकडचाच, कर्नाटकात त्यांची वसाहत आहे तिथला. तिबेट तिनं डोळ्यानं बघितलेला नाही. म्हातारी आई मात्र लहानपणी तिकडून आलेली. बोलता बोलता बायकोनं आमचा माळ, वारा, ती दगडांची रिंगणं, सगळं सांगून टाकलं. हिच्या पोटात काही राहात नाही. आणि म्हणे, रिंगणाचं ऐकल्यावर स्वेटरच्या घड्या घालणारे त्या बाईचे हात थांबले.

"म्हणली, माझ्या आईला एकदा दाखवता का? तिच्या गावाला बी असंच हाय म्हणं."

"असंच म्हंजे?"

"उंच माळ. झाड न्हाई, झुडूप न्हाई. अन तिथं बी जुन्या माणसांच्या दगडांची घरं. लई जुनी. कुणाची ते कुणाला ठावं न्हाई."

"वा! आख्खं तिबेट सोडून आमचेच दगड गावले का तिला बघायला?"

"आपल्यातलीच हाय वो ती बाई."

"आपल्यातली? तिला भाकर थापता येती का?"

बायकोनं माझ्याकडं बघून फक्त भांडी जोरात ठेवली. म्हणजे ठरलं होतं.

आता घरातली परिस्थिती सांगायला पाहिजे, नाहीतर मी उगाच खवचट दिसेन. सुनेला सातवा महिना चालू होता. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच होतं. आणि आधीचं एक गेलेलं. पाचव्या महिन्यात, काही कारण नसताना. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. पोरगा पुण्यात कंपनीत, तो रोज फोनवर विचारायचा, सगळं ठीक ना, आणि मी रोज ठीक म्हणायचो. घरात लिंबू-मिरची नाही, अंगारा नाही, ताईत नाही. आम्ही ते सगळं सोडलेलं आहे.

सोडलंय, पण सगळंच सुटत नाही. उतारा माहीत नसलेला माणूस आमच्याकडं सापडायचा नाही. घरात कुणाला बाधा असली की भाकर, लिंबू, नारळ, काहीतरी त्याच्या अंगावरून उतरवायचं आणि गुपचूप दुसऱ्याच्या शिवेवर नाहीतर तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर नेऊन ठेवायचं. जो ओलांडेल, जो उचलेल, पीडा त्याला. माझी आई दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची, पहिल्या रांगेत बसायची. पण रस्त्यात उतारा दिसला की माझी कॉलर धरून मागं ओढायची. "ते सगळं खोटं हाय," म्हणायची, "पण तू वलांडू नको." मी तिचाच पोरगा.

ठरल्या दिवशी शेजाऱ्याची जीप घेऊन मी मांजरसुंब्याला गेलो. एसटीतून दोघी उतरल्या. लेक पन्नाशीची, धडधाकट, तोंडभर हसणारी. आई सत्तरी ओलांडलेली, बुटकी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं फडकं बांधलेलं, आणि चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या की हसली का रडली ते कळू नये. आणि पोटाशी एक गाठोडं. मरून रंगाच्या फडक्यात घट्ट बांधलेलं, लहानसंच. जीपमध्ये चढताना मी हात पुढं केला, म्हणलं द्या इकडं, चढा आरामात. तर तिनं ते असं ओढून घेतलं की मी हात मागं घेतला.

"त्याच्यात काय हाय?" मी लेकीला हिंदीत विचारलं.

ती आईकडं बघून म्हणाली, "कुछ नहीं, मम्मी का सामान है."

जे सामान रॅकवर ठेवत नाहीत, सीटखाली सारत नाहीत, मांडीवरच धरून बसतात, तसलं सामान मी नोकरीत पुष्कळ बघितलंय. त्याच्यात कधीच 'कुछ नहीं' नसतं. मी जीप चालू केली आणि आरशातून त्या गाठोड्यावर नजर ठेवली.

घरी चहा झाला. म्हातारीनं एक घोट घेतला आणि खुणेनं मीठ मागितलं. बायकोला वाटलं चुकून मागते. पण तिनं खरंच चहात मीठ टाकलं आणि सुर्रकन पिऊन टाकलं. बायको पदर तोंडाला लावून हसली, म्हातारीही हसली. मी हसलो नाही. कारण तेवढ्यात सून बाहेर आली, आणि म्हातारीची नजर तिच्या पोटावर गेली, आणि तिनं झटकन ते गाठोडं मांडीवरून उचलून पाठीमागं लपवलं. बायकोनं बघितलं नाही. मी बघितलं. सून पाया पडायला वाकली तर म्हातारी उठून भिंतीपर्यंत मागं सरकली, हात हलवून नको नको म्हणाली. पोटुशी बाई बघून गाठोडं लपवायचं काय कारण? माझ्या डोक्यात नाना शंका. मी बायकोला मागच्या दारी बोलवून म्हणालो, "मला ह्या म्हातारीचं लक्षण ठीक दिसंना." ती म्हणाली, "तुमाला देव उतरून आला तरी त्याचं लक्षण ठीक दिसायचं न्हाई. चला."

गाडीवाट संपते तिथपर्यंत जीप गेली, पुढं चालत. चढ उभा आहे. मला धाप लागली, लेकीला लागली, बायको तर दोनदा बसली. म्हातारी गाठोडं पोटाशी धरून पुढं. खिंडीत दगडांचा एक ढीग आहे. येणारा जाणारा त्याच्यावर एक दगड टाकतो. का टाकतो ते कुणालाच नीट सांगता येत नाही, वाट सुखाची व्हावी म्हणून असेल. आम्ही पोचायच्या आत म्हातारीनं खाली वाकून एक खडा उचलला, ढिगावर ठेवला, आणि आभाळाकडं तोंड करून काहीतरी ओरडली.

"बघा!" बायको म्हणाली. "कुणी सांगितलं तिला?"

"तेच म्हणतो मी. कुणी सांगितलं?"

लेक म्हणाली की त्यांच्याकडं प्रत्येक खिंडीत असंच करतात. असेल. पण मला वाटलं, ही बाई इथं आधी येऊन गेलेली आहे. कुणीतरी हिला सगळं दाखवून, पढवून पाठवलंय. गुप्तधनवाले अलीकडं बायका पाठवतात असंही ऐकलेलं होतं.

माळावर वारा असा होता की बोललेलं कानापर्यंत पोचेना. खालचं गाव, रस्त्यावरचे ट्रक, लांबच्या पवनचक्क्या, सगळं दिसतं तिथून. येणारा माणूस आधी ते बघतो, मोबाइल काढतो. म्हातारीनं ढुंकूनही बघितलं नाही. ती सरळ रिंगणांकडं गेली. पहिल्या रिंगणाला बाहेरून एक फेरा मारला, दगड नाहीत अशी एक फट असते, तिथं थांबली, डोकं जरा वाकवलं आणि आत गेली. आम्ही कुणीच कधी तिथं डोकं वाकवलं नाही. वर छप्पर थोडंच आहे!

आत जाऊन ती मातीत बसली आणि गाठोडं सोडायला लागली. मी चार पावलं पुढं सरकलो. फडक्यात फडकं, त्याच्यात आणखी एक. मला वाटलं मूर्ती निघेल. सोनं निघेल. राख निघेल कुणाची. निघाला दगड.

दगड! मुठीएवढा, काळा, एका बाजूनं हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आमच्या माळावर असले लाख पडलेत. माणूस दगडांच्या माळावर कशाला दगड घेऊन येईल? मला तर वाटलं, हा इथलाच, वाटेत उचललेला, आता काहीतरी नाटक होणार. म्हातारीनं तो कपाळाला लावला, छातीला लावला, डोळे मिटून पुटपुटायला लागली. आणि मग रिंगणाच्या भिंतीशी, दोन दगडांच्या मधे, अलगद ठेवला.

अंगाला लावून, पुटपुटून, दुसऱ्याच्या शिवेत नेऊन ठेवायचं, ह्याला आमच्याकडं एकच नाव आहे.

"थांबा!" मी एवढ्यानं ओरडलो की बायको दचकली. "उचला ते! आत्ताच्या आत्ता उचला!"

"आवं, काय करायलाव?" बायको.

"उतारा हाय तो! ही तिची पीडा आपल्या माळावर टाकायली. घरात पोटुशी पोर हाय माझ्या!"

"शरम वाटंना का? आपल्या घरात मानत्यात का असलं?"

"न्हाई मानत. पण माझ्या रानात नको!"

लेकीला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण माझं तोंड कळलं. तिचं हसू गेलं. ती मधे आली आणि हात जोडून म्हणाली, ऐकून तर घ्या. मग तिनं तिच्या हिंदीत जे सांगितलं ते असं.

आईचं गाव उंच पठारावर. जवळ खाऱ्या पाण्याचं तळं, आणि तळ्याच्या वर जुन्या माणसांची दगडी घरं, अशीच गोल. गावातल्या लहान पोरांना ताकीद होती, तिथं खेळा, पण तिथलं काही घरी आणू नका. ही सहा-सात वर्षांची. तिला एक दगड आवडला. बाहुली म्हणून तिनं तो अंगरख्यात लपवला. आणि त्याच दिवसांत घरावर पळून जायची वेळ आली. बर्फातून, डोंगरामागून डोंगर. बाप मागं राहिला तो आलाच नाही. धाकटा भाऊ तिच्या आईच्या पाठीवर बांधलेला होता. एका सकाळी सोडला तर गार पडलेला. इकडं हिंदुस्थानात पोचल्यावर हिनं अंगरखा झटकला, तर त्याच्यातून दगड पडला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. पोरीला सांगितलं ते आत्ता, म्हातारपणी. ते कळल्यावर सगळे म्हणाले, लामासुद्धा म्हणाले, एवढ्याशा पोरीनं उचललेल्या दगडानं असं होत नसतं. ती मान डोलवायची आणि दगड उशाशी घेऊन झोपायची. परत नेऊन ठेवायचा तर तिकडं जाता येत नाही, कागद मिळत नाहीत, अंगात ताकदही नाही. मरायच्या आधी कुठल्यातरी जुन्या माणसांच्या घरात तो ठेवायचा, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात राहिलीय.

मी ऐकलं. आणि खरं सांगतो, पटलं नाही. फार नीट जुळणारी गोष्ट होती. बिगर तिकिटाचा माणूस कधीकधी अशी गोष्ट सांगतो की अख्खी गाडी हळहळते. आणि दुसरं असं, ही गोष्ट खोटी असली तर ही फसवाफसवी. पण खरी असली तर? खरी असली तर ज्या दगडानं पाठीवरचं लेकरू गेलं, तोच ही माझ्या माळावर ठेवून जाणार. माझ्या घरात दोन महिन्यांनी पाळणा हलायचा! खरी निघाली तर जास्त वाईट. मी आता हिंदीतच, अजून मोठ्यानं बोलायला लागलो, घरात बाळ येणार आहे म्हणून.

म्हातारी लेकीची बाही ओढत होती. हा माणूस काय म्हणतो, एवढंच विचारत असणार. लेक सांगेना. म्हातारीनं तिला दमात घेतलं. मग लेकीनं खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं आता रडारड, आता शिव्या.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. आणि मान हलवली, हो म्हणून. ती लेकीला काहीतरी बोलली, आणि वाकून तो दगड उचलला.

"काय म्हणली?" बायकोनं विचारलं.

लेकीच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं. "म्हणते, हा माणूस बरोबर बोलतो. जिथं बाळ येणार आहे तिथं मी हे ठेवणार नाही. मघाशी त्यांच्या सुनेला बघितलं तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं."

म्हातारीनं दगड पहिल्या फडक्यात गुंडाळला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. गाठ मारली. पोटाशी धरला. फटीतून बाहेर पडताना डोकं वाकवलं, आणि खिंडीकडं चालायला लागली. आली तशी झपाझप नाही. आता तिचं वय दिसत होतं.

मी तिथंच उभा. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक माणूस असा बघितला नाही जो आरोप ऐकून 'बरोबर आहे' म्हणाला आणि आपण होऊन गाडीतून उतरला. फसवणारा भांडतो. कायदा काढतो. ही तर जिंकायला आली आणि माझ्या एका ओरडण्यावर हरून चालली. आणि मला राहून राहून एकच वाटायला लागलं, की हिला सगळ्या जगानं 'असं काही नसतं' म्हणून सांगितलं, मलाही सगळं घर 'असं काही नसतं' म्हणतं, आणि त्या दोन वाक्यांनी ना तिला झोप आली, ना मला. बर्फातून चालत आलेली पोर आणि मी, आम्ही दोघं एकाच गोष्टीला भ्यायलो होतो. तिनं मात्र माझ्या नातवंडाचा विचार केला. मी तिच्या भावाचा केला नव्हता.

"आजी! ओ आजी!" मी पळत गेलो. बायकोला वाटलं आता मी काय करतो देव जाणे, ती मागून ओरडत आली.

खिंडीत गाठलं. हात पुढं केला. "द्या इकडं." म्हातारी मागं सरकली. गावाच्या दिशेनं बोट दाखवलं, मग आपल्या पोटावर हात गोल फिरवला, मग नको नको. मी गाठोडं धरलं, तिनं सोडलं नाही. दोन म्हातारी माणसं वाऱ्यात एका फडक्यासाठी ओढाताण करतायत, कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

"सांगा तुमच्या आईला," मी लेकीला म्हणलं, "माळ माझा हाय. तिथं काय ठेवायचं ते मी ठरवणार. अन ती ठेवणारच न्हाई. मी ठेवणार, माझ्या हातानं. म्हंजे काय लागायचं ते मला लागंल. लेकराला न्हाई."

लेकीनं सांगितलं. म्हातारीनं दोनदा विचारून घेतलं. तीही संशयीच होती, फुकट कुणाचं घेणारी नव्हती. मग तिची बोटं सैल झाली, तिनं फडकी सोडून दगड माझ्या हातात दिला.

दगड गरम होता, तिच्या पोटाच्या उबेनं. मी तो घेऊन परत चढलो. शूरपणा वगैरे काही नाही, भीत भीतच चढलो. रिंगणाच्या फटीत डोकं वाकवलं. भिंतीशी, त्याच दोन दगडांच्या मधे ठेवला, आणि त्या जुन्या माणसांना मनात म्हणालो, घ्या, तुमच्या भावकीतलाच असेल कुणीतरी, लई लांबून आलाय. पीडा असली तर माझ्या डोक्यावर. माझ्या घरात आत्ता कुणाच्या वाटंला जाऊ नका.

वळून बघितलं तर म्हातारी फटीशी उभी होती. आभार नाही, हसू नाही. रिकामं फडकं दोन्ही हातांनी धरून नुसती उभी. आणि बायको माझ्याकडं असं बघत होती की मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

गोष्ट इथं संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो. पण पुढचे दोन महिने माझे मीच जाणतो. सून शिंकली तरी मी उठून बसायचो. तिला रात्री पाय आखडले की मी माळाकडं तोंड करून मनातल्या मनात भांडायचो. सकाळी फिरायला म्हणून निघायचो आणि रिंगणात जाऊन बघायचो, दगड आहे का. आहे. हलला का? कळायचं नाही. काही दिवसांनी तर आजूबाजूच्या दगडांत नेमका तो कोणता तेही नीट कळंना झालं. इतका तो आमच्यातला दिसायचा. पुन्हा शंका. तिबेटातलाच होता की घाटातून उचललेला? गोष्ट खरी होती की मला वाऱ्यात येडं बनवलं?

त्यात फोन. स्वेटरची दुकानं उठली, त्या दोघी कर्नाटकात परत गेल्या, पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्या लेकीचा बायकोला फोन. विचारणं एकच, "बहू कैसी है? बच्चा ठीक है?" दगडाचं कधी नाही. आमचं कधी नाही. मी बायकोला म्हणालो, "हिला कावून एवढी काळजी? हिला काय ठावं हाय जे आपल्याला न्हाई?" बायको म्हणाली, "आता त्या फोनवर बी तिकीट मागा."

आणि एक दिवस दुपारी बीडच्या दवाखान्यात पोरगी झाली. सुखरूप. रडणं असं की कॉरिडॉरमधले लोक बघायला आले. मी भिंतीला टेकून खाली बसलो. पोरगा पुण्याहून निघालेला होता. बायकोनं व्याह्यांना फोन केला, नणंदेला केला, आणि तिसरा केला त्या स्वेटरवालीला. आवाज मोठा करून, मला ऐकू यावा म्हणून.

तिकडं आधी ओरडणं, मग रडणं, मग पुन्हा हसणं. मग ती बाई थांबत थांबत तिच्या हिंदीत म्हणाली, "दीदी, एक गोष्ट सांगू का? आम्ही घरी आलो तेव्हापासून आईनं बॅग उघडलीच नाही. दारापाशी ठेवलीय, वर बूट ठेवलेत. रोज मला म्हणायची, तिकडं बाळाला काही झालं तर मला त्याच दिवशी घेऊन चल. मी माझा दगड परत उचलून आणीन. त्या माणसाच्या डोक्यावर नको."

बायको माझ्याकडं फोन धरून उभी राहिली.

"आता काय करायल्यात त्या?" मी विचारलं.

"हे ऐका," ती बाई म्हणाली, आणि फोन कुठंतरी लांब नेला. आधी बूट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बॅगेची चेन. अडकली, परत मागं गेली, आणि मग एका दमात शेवटपर्यंत उघडली.

मी बायकोच्या हातातून फोन घेतला. "आजी," म्हणलं, "पोरगी झाली." तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. ती तिकडून हळू आवाजात काहीतरी बोलायला लागली, लई वेळ बोलली. बायको खुणेनं विचारत होती, काय म्हणते? लेकीला द्यायला सांगा फोन, अर्थ विचारा.

मी विचारला नाही. ती बोलायची थांबेपर्यंत फोन कानाला लावून हो, हो म्हणत राहिलो.